सांगून आलेले स्थळ

आमच्या पिढीचा कॉलेजप्रवेश म्हणजे वधूपित्याने जोडे झिजवावेत तसा प्रकार होता. अर्ज आपण करायचा, रांगेत आपण उभे राहायचे आणि यादीत नाव लागले की पेढेही आपणच वाटायचे. अमेरिकेत मात्र गेली पन्नास वर्षे ही वरात उलटी निघते आहे. तेथे कॉलेजेच मुलांच्या घरी पत्रे धाडतात. स्थळ सांगून यावे तशी! ही रीत कशी पडली त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि थोडा टोचणाराही.

पूर्वी तिकडेही पत्र लिहायचे ते विद्यार्थ्यानेच. आनंदीबाई जोशी यांची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते तिकडच्या मासिकात छापले गेले आणि पुढे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्यातून स्नेह जुळला. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे त्यांनी पत्राने प्रवेश मागितला, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. गरज विद्यार्थिनीची होती. म्हणून लेखणीही तिच्याच हाती होती.

गरज फिरली तेव्हा लेखणी कॉलेजांच्या हाती गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाळणे भराभर हलू लागले. १९५७ साली तेथे सुमारे ४३ लक्ष बालके जन्मली. त्यांच्यासाठी कॉलेजांनी इमारती बांधल्या, वसतिगृहे उभारली, प्राध्यापक नेमले. पण जन्मांचा आकडा उतरत उतरत १९७३ साली सुमारे ३१ लक्षांवर आला. आज पाळण्यात नसलेले मूल अठरा वर्षांनी वर्गात कोठून येणार? व्यवस्थापकांची झोप उडाली.

उपाय मात्र तयारच होता. कॉलेज बोर्ड ही संस्था प्रवेशपूर्व परीक्षा घेई. परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून ती पत्ता, आवडीचे विषय, शाळेतली प्रगती अशी माहिती भरून घेत असे. १९७२ च्या सुमारास, संमती देणाऱ्या मुलांची नावे ती कॉलेजांना पैसे घेऊन पुरवू लागली. अमुक प्रांतातली, इतक्या गुणांची, रसायनशास्त्राची आवड असलेली मुले हवीत, असे सांगितले की यादी हजर! २०१९ साली एका नावाचा भाव ४७ सेंट होता. पुढे पत्रे लिहून धाडण्याचाच धंदा झाला. व्हर्जिनियातील रिचमंड येथे मुख्यतः हेच काम करणाऱ्या एका कंपनीची विक्री २०१४ च्या डिसेंबरात ठरली, ती ८५ कोटी डॉलरांना.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी न्यू जर्सीतच वाढली. अकरावीत असताना तिच्या नावाने आलेल्या पत्रांनी कपड्यांचे एक खोके भरले होते. हिरवळीवर पुस्तक वाचणारी मुले, लाल विटांचे मनोरे, आणि प्रत्येक पत्रात ‘तुझ्यासारखी विद्यार्थिनी’. एका नामांकित कॉलेजाची तर पाच पत्रे! बहीण ती शेजारणींना कौतुकाने दाखवी. पोरीने अर्ज केला. पुढच्या वसंतात त्याच कॉलेजाचा नकार आला. “मग मला बोलावलं कशाला, मामा?” या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते.

उत्तर इतिहासात सापडते. १९८३ पासून ‘यू. एस. न्यूज’ हे साप्ताहिक कॉलेजांची क्रमवारी छापू लागले. किती अर्जदारांना नकार मिळतो, यालाही तीत बरीच वर्षे थोडे मोल होते. २०१८ साली ते वगळले गेले. पण तोवर ‘दुर्मिळ तेच थोर’ ही समजूत घट्ट झाली होती. जागा तेवढ्याच ठेवून अर्ज वाढवले की नकार आपोआप वाढतात आणि प्रतिष्ठाही. म्हणून काही कॉलेजे फी माफ केलेले, नाव-पत्ता आधीच भरलेले अर्जही पाठवू लागली. सांगून आलेल्या स्थळानेच मुलगी नाकारावी, असा हा प्रकार! रिकाम्या वर्गांच्या भीतीने सुरू झालेली पत्रे काही ठिकाणी भरलेल्या वर्गांची मिरवणूक झाली.

कायद्याचेही लक्ष तिकडे गेले. शाळेच्या वेळात घेतलेल्या परीक्षांतून मुलांची माहिती विकल्याच्या प्रकरणी, २०२४ च्या फेब्रुवारीत कॉलेज बोर्डाने न्यूयॉर्क राज्याशी साडेसात लक्ष डॉलर भरून तडजोड केली.

पत्रे सगळीच खोटी नसतात. आडगावच्या एखाद्या गरीब मुलाला दूरच्या चांगल्या कॉलेजाचे नाव त्यातूनच प्रथम कळते, हाही त्यांचा उपकार. पण आता आपल्याकडेही खाजगी विद्यापीठांचे फोन निकालाआधीच खणखणू लागले आहेत. तेव्हा वाचकहो, स्थळ सांगून आले म्हणून हुरळू नये. रीतीप्रमाणे चौकशी करावी. एकूण खर्च किती, मदत किती मिळते, किती मुले पदवी पुरी करतात? अमेरिकेत हे आकडे २०१३ पासून सरकारच ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ म्हणून प्रसिद्ध करते. भाची शेवटी ते पाहूनच एका साध्या सरकारी विद्यापीठात गेली. त्या विद्यापीठाचे पत्र खोक्याच्या तळाशी होते. एकच, आणि तेही बिनचित्रांचे.