‘युजर स्टोरी’ : एका चिठ्ठीवरून प्रकल्पाचे नियोजन

सॉफ्टवेअर प्रकल्पाचा आरंभ बहुधा एका जाडजूड दस्तऐवजाने होतो. ग्राहकाला काय काय हवे याची शेकडो कलमे त्यात नोंदवली जातात, त्यावर सह्या होतात आणि कामाला सुरुवात होते. दोन वर्षांनी प्रणाली तयार झाली की ग्राहक म्हणतो, ‘आम्हाला हे नको होते.’ दस्तऐवज चुकीचा नसतो. परंतु दरम्यानच्या काळात गरजा बदललेल्या असतात आणि त्या कलमांतून कोणती गोष्ट अत्यावश्यक व कोणती केवळ शोभेची, हे कोणालाच कळलेले नसते. या अडचणीवर ‘अजाइल’ कार्यपद्धतीने शोधलेला एक साधा उपाय म्हणजे ‘युजर स्टोरी’.

उगम आणि स्वरूप

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीच्या वेतन प्रणालीवर काम करताना केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. युजर स्टोरी ही त्या पद्धतीचीच देणगी. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञांनी एकत्र येऊन अजाइल जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि ही संकल्पना जगभर पोहोचली.

युजर स्टोरी म्हणजे वापरकर्त्याच्या दृष्टीने लिहिलेली एका वाक्याची मागणी. ‘मी कोण, मला काय करता यावे आणि कशासाठी’ हे तिचे तीन भाग. एखाद्या महापालिकेच्या मालमत्ता कर प्रणालीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘मालमत्ताधारक या नात्याने मला घरबसल्या कर भरता यावा, म्हणजे भरणा केंद्रात रांग लावावी लागू नये,’ ही झाली एक युजर स्टोरी. यातील ‘कशासाठी’ हा तिसरा भाग अनेकदा गाळला जातो. नियोजनाच्या दृष्टीने मात्र तोच सर्वाधिक मोलाचा.

हे वाक्य म्हणजे संपूर्ण तपशील नव्हे. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीची तीन अंगे सांगितली : कार्ड, संवाद आणि खातरजमा. चिठ्ठीवरचे वाक्य केवळ आठवणीसाठी असते. तपशील ग्राहक व प्रोग्रॅमर यांच्या चर्चेतून ठरतो आणि काम पूर्ण झाले की नाही, याचे निकष आधीच निश्चित केले जातात. चर्चा वगळून नुसत्या चिठ्ठ्या भरल्या, तर जुनाच दस्तऐवज तुकड्यातुकड्यांत लिहिल्यासारखे होते.

चिठ्ठ्यांतून धोरण

चिठ्ठ्यांच्या ढिगातून धोरण आपोआप उभे राहत नाही. त्यासाठी आधी प्रकल्पाचे उद्दिष्ट ठरवावे लागते. वरील उदाहरणात ‘३१ मार्चपूर्वी भरणा केंद्रांवरील रांगा कमी करणे’ हे उद्दिष्ट मानू. त्यानंतर हे उद्दिष्ट साधण्यासाठी कोणाच्या वर्तनात कोणता बदल व्हायला हवा, आणि तो घडवण्यास कोणत्या स्टोरी उपयोगी पडतील, असा विचार करायचा. गोइको अॅझिक यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘इम्पॅक्ट मॅपिंग’चे सूत्र हेच आहे. बिल पाहता येणे, पैसे भरता येणे आणि पावती मिळणे या स्टोरी उद्दिष्टाशी थेट जोडल्या जातात. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा अर्ज ही उपयुक्त सोय असली, तरी ती या उद्दिष्टाची नव्हे. म्हणून ती मागे ठेवता येते.

जेफ पॅटन यांच्या ‘स्टोरी मॅपिंग’ पद्धतीत, ज्यावरील त्यांचे पुस्तक २०१४ मध्ये आले, वापरकर्त्याच्या कृतींचा क्रम भिंतीवर डावीकडून उजवीकडे मांडतात आणि प्रत्येक कृतीखाली महत्त्वानुसार स्टोरी लावतात. वरच्या ओळीतील चिठ्ठ्यांतून पहिली, साधीच पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारी आवृत्ती मिळते. पैसे भरण्याचे पान देखणे झाले, परंतु पावतीच निघत नाही, असा प्रसंग यामुळे टळतो.

वेळेचे गणित

प्रत्येक स्टोरीला तिच्या आकारानुसार ‘पॉइंट’ दिले जातात. हे पॉइंट म्हणजे तास नव्हेत; एक काम दुसऱ्याच्या तुलनेत किती मोठे, एवढेच त्यातून कळते. काम साधारणतः दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागतात आणि एका स्प्रिंटमध्ये पुऱ्या झालेल्या पॉइंटवरून चमूची गती काढतात. समजा, कर प्रणालीच्या सर्व स्टोरी मिळून ३०० पॉइंट झाले आणि चमूची गती २० आहे. म्हणजे १५ स्प्रिंट, अर्थात ३० आठवडे लागणार. ३१ मार्चला २० आठवडेच उरले असतील, तर २०० पॉइंटचे काम होईल. उरलेल्या १०० पॉइंटच्या कोणत्या स्टोरी मागे ठेवायच्या? धोरणात्मक नियोजन म्हणजे नेमका हाच निर्णय. तो प्रकल्पाच्या अखेरीस घाईत घेण्याऐवजी आरंभी, शांतपणे घेता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

एफबीआयचा धडा

या पद्धतीचे बळ आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या अनुभवातून दिसतात. तपासाची कागदी प्रकरणे संगणकावर आणण्यासाठी हाती घेतलेली ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही प्रणाली २००५ मध्ये गुंडाळावी लागली. तिच्या मागण्यांचा दस्तऐवज ८०० हून अधिक पानांचा होता. २००६ मध्ये ‘सेंटिनल’ या नव्या प्रणालीचे कंत्राट लॉकहीड मार्टिन कंपनीस देण्यात आले. २०१० च्या उन्हाळ्यापर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते, तरी चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते.

सप्टेंबर २०१० मध्ये एफबीआयने कामाची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि अजाइल पद्धत स्वीकारली. उरलेले काम ६७० स्टोरींमध्ये मांडण्यात आले, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू झाले आणि स्प्रिंटअखेर तयार झालेला भाग प्रत्यक्ष दाखवला जाऊ लागला. काम वर्षभरात, सप्टेंबर २०११ पर्यंत संपवण्याचा मानस होता. ती मुदत टळली. ऑक्टोबर २०११ मध्ये शेकडो कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी केलेल्या चाचणीत प्रणाली दोनदा बंद पडली. तो भार पेलण्यास यंत्रसामग्री अपुरी होती. ती बदलण्यात आली आणि १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुली झाली.

म्हणजे स्टोरींमुळे विलंब टळला असे नव्हे. मात्र काम कोठवर आले आहे, हे दर पंधरवड्याला दिसू लागले. यापूर्वी नेमके तेच दिसत नव्हते.

सावधगिरी

सेंटिनलच्या त्या चाचणीत आणखी एक इशारा दडलेला आहे. वेग, सुरक्षितता, एकाच वेळी येणाऱ्या वापरकर्त्यांचा भार यांसारख्या गरजा कोणा एका वापरकर्त्याच्या वाक्यात सहजी मावत नाहीत. त्या स्वतंत्रपणे नोंदवून सुरुवातीपासून तपासाव्या लागतात. दुसरे म्हणजे, पॉइंटवरून दोन चमूंची तुलना करू नये. तशी तुलना सुरू होताच पॉइंट फुगवले जातात आणि नियोजनाचा आधारच नाहीसा होतो.

पुण्या-मुंबईतील अनेक अभियंत्यांच्या वाट्याला परदेशी ग्राहकाकडून आलेल्या तयार स्टोरी येतात. ग्राहक सातासमुद्रापार, त्याचे आणि आपले कामाचे तास निराळे. त्यामुळे संवादाचे अंग सर्वप्रथम सुटते आणि हाती उरते ते केवळ कार्ड. अशा वेळी काम स्वीकारण्यापूर्वी ‘हे कशासाठी?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. ज्या चिठ्ठीवर त्याचे उत्तर नाही, तिला नियोजनात वरचे स्थान देण्याची घाई करू नये.