निळ्या कोटातला ससा

आपल्या मंडळाच्या बालवाचनालयात सर्वांत अधिक फाटणारे पुस्तक म्हणजे निळ्या कोटातल्या सशाचे. त्याला पुन्हा पुन्हा पुठ्ठा घालताना, ही चित्रे काढणारी बाई कोण असावी, असे मला वाटे. तिचीच हकीकत आज सांगते.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर १८६६ साली लंडनमधील एका सधन घरात जन्मली. तिला शाळेत घातलेच नाही. शिकवायला बाई घरी येत. सवंगडी म्हणजे धाकटा भाऊ आणि खोलीत पाळलेले ससे, उंदीर, बेडूक. मेलेल्या प्राण्यांचे सांगाडेसुद्धा ही भावंडे न्याहाळीत. पुढे तिच्या सशाने कोट घातला, तरी आत ससा खराच राहिला तो यामुळे! अळंब्यांवरही तिने निबंध लिहिला. १८९७ साली तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण तिच्यावाचून. बैठकीस स्त्रियांना मज्जावच होता.

आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला तिने १८९३ साली चित्रांचे पत्र धाडले. त्या पत्राचेच पुढे पुस्तक झाले. प्रकाशकांनी नाकारले, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात तिने पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. पुस्तक चिमुकल्या हातात मावावे आणि स्वस्त असावे, हा तिचा हट्ट. दुसऱ्याच वर्षी वॉर्न कंपनीने ते रंगीत चित्रांसह काढले. प्रत्येक पानासमोर चित्र असल्यामुळे वाचता न येणारे मूलही गोष्ट समजून घेई.

१९०५ साली नॉर्मन वॉर्न यांच्याशी तिचे लग्न ठरले. धंदा करणारा जावई आईवडिलांना पसंत नव्हता. पण महिनाभरातच ते वारले. त्याच वर्षी तिने पुस्तकांची मिळकत आणि थोडा वारसा यांतून सरोवरांच्या प्रदेशात शेत घेतले. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न केले, मेंढ्या पाळल्या. १९४३ साली ती वारली, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन तिने नॅशनल ट्रस्टला दिली.

माझीही एक चित्रांची वही होती. संसारात ती माळ्यावर गेली, ती गेलीच. कोणी काढून घेतली नाही. मीच मागितली नाही. म्हणून एक सुचविते : यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटीऐवजी रंगांची पेटी लुटावी. ती घरातल्या मुलीला द्या, नाहीतर स्वतःच उघडा.