खोल पाण्यातला मासा

अमेरिकेत टेनेसी नदीवरचं केंटकी धरण १९४४ साली पूर्ण झालं. त्याच्या मागे जो तलाव तयार झाला, तिथे क्रॅपी नावाचा चपटा, पांढऱ्या मांसाचा मासा धरायला लांबून लोक येतात. थंडी वाढली की लहान मासे खोल पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग क्रॅपीही. मग बोट माणसाच्या चालीपेक्षाही हळू हाकायची आणि मागे लांब दोरीला क्रँकबेट ओढत न्यायचं. क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचा खोटा मासा. त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची एक तिरकी पट्टी असते. ओढलं की पाणी त्या पट्टीवर आपटतं आणि तो डुलत डुलत खाली जातो. किती खाली, हे पट्टीचा आकार, दोरीची लांबी आणि बोटीचा वेग यांवर ठरतं. म्हणजे तीन चलांचं एक समीकरणच, त्यामुळे माझ्यासारख्या इंजिनिअरला याची गोडी लागणं साहजिक आहे. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. (सोशल मीडियावरचं ट्रोलिंगही इथूनच आलं. गळ टाकायचा आणि कोण चावतंय ते बघत बसायचं.)

हे सगळं वाचताना डोक्यात इसापूर येतंच. पैनगंगेवरचं हे मातीचं धरण आमच्या कळमनुरी तालुक्यात आहे. १९८२ साली झालेलं, चार किलोमीटरहून जास्त लांब. अलीकडे मराठवाडा, पलीकडे पुसदचा विदर्भ. त्याआधी इथे नदी निजामाचं राज्य आणि इंग्रजांचा वऱ्हाड यांची सीमा होती. पाणी भरपूर, खोल आणि माशांचं. मग इथे क्रँकबेट का चालत नाही?

गळ आपल्याकडे नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे अगदी जुने नमुने मिळतात म्हणून भाषेचे अभ्यासक त्याच्याकडे जातात. पण त्यातल्या विनोदांच्या, म्हणजे राजाच्या करमणुकींच्या भागात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कोणाला काय चारायचं, दोरी कशाची वळायची, गळ कसा टाकायचा, हे सगळं त्यात आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचं मासेमारीवरचं गाजलेलं पुस्तक १६५३ चं. आमचा राजा त्याच्या पाचशे वर्षं आधीचा. अर्थात ही फुशारकी मारताना एक गोष्ट विसरायला नको. हे सगळं राजाला शिकवलं कोणी, त्यांची नावं ग्रंथात नाहीत.

सोमेश्वराचं आमिष खाण्याचं असतं, मासा भुकेने येतो. क्रँकबेटला चव नाही, वास नाही, आहे ती फक्त हालचाल. फिनलंडच्या लौरी रापालाने १९३६ च्या सुमारास बुचाच्या लाकडातून असा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं रोगण चढवलं. जखमी मासा कळपातून वेगळा डुलतो आणि मोठा मासा त्यालाच पकडतो, हे त्याने पाहिलं होतं. म्हणजे हे आमिष चालतं ते दुसऱ्या माशाचा पाठलाग करणाऱ्या माशावर.

आता कळमनुरीच्या बाजारातल्या टोपलीत बघा. कटला, रोहू, मृगळ. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती, मृगळ तळाचा गाळ. तिघांपैकी कोणीच कोणाच्या मागे धावत नाही. प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्यातले हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज पूर्वी पावसाळ्यात बंगालच्या नद्यांमधून गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यानंतर बीज हवं तिथे तयार होऊ लागलं. त्यात नायलॉनची जाळी आली. सुती आणि सणाची जाळी वाळवावी लागत, कुजत; ही कुजेनात. धरण, इंजेक्शन आणि नायलॉन, या तिघांवर आपली जलाशयातली मासेमारी उभी आहे. दिसायला ती पिढीजात वाटते, पण इसापूरला ती माझ्या वडिलांहूनही लहान आहे.

अमेरिकेत १९५० च्या कायद्याने गळाच्या सामानावर कर बसतो आणि तो पैसा राज्यांकडे मासे वाढवायला जातो. हौशी माणूस पैसे देतो, म्हणून तळ्यात त्याच्या हौसेचा मासा. आपल्याकडे तळ्यातून किलो निघायला हवे होते. मरळ आणि शिवडा हे आपले शिकारी मासे, म्हणजे ज्यांच्यावर क्रँकबेट चाललं असतं ते, मत्स्यबीजाच्या हिशेबात उपद्रवी ठरले. उपाशी देशासाठी तो निर्णय चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. पण त्यात काय मागे पडलं हे बघायला हवं.

कर्नल विल्यम साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला. १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि लॅटिन नावं देताना स्थानिक शब्दच उचलले: खुद्री, कोळस, बोगट. शास्त्रात ते आजही ‘टोर खुद्री’, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, ‘लेबिओ बोगट’ म्हणून चालतात. तो निजामाच्या मुलखात, आमच्या पैनगंगेवर, हे करत फिरला नाही. इकडच्या भोई लोकांचे शब्द कोणी लॅटिनमध्ये नेले नाहीत, आणि मराठीतही फारसे उतरवून ठेवले नाहीत.

नदीत खोल पाणी म्हणजे डोह. उन्हाळ्यात धार तुटली की मासा डोहात साठतो, तिथूनच पावसाळ्यात पुन्हा पसरतो. काही डोह देवाचे म्हणून राखले जात. महाडजवळ वाळणकोंडीत असे मासे अजून आहेत. केंटकीचा मासेमार हिवाळ्यात बोट घालतो ती कुठेही नाही, तर धरणाआधीचा नकाशा बघून, बुडालेल्या ओढ्याच्या पात्रावरून. क्रॅपी त्या जुन्या काठाला धरून राहतो. सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही मासा नदीच्याच वळणाने चालतो.

मी इसापूरसाठी तेच करून पाहिलं. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवले आहेत. आमच्या भागाचा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवला. प्रमाण एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. आजच्या निळ्या पसाऱ्याखाली पैनगंगेची बारीक रेघ दिसते, वळणं दिसतात, गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये दिसतात. डोह एकही नाही. त्या प्रमाणावर डोह मावतच नाही. आता गावाकडे गेलो की धरणाआधी नदीत जाळं टाकलेल्या म्हाताऱ्यांकडे तो नकाशा घेऊन बसतो आणि रेघेवर बोट ठेवून विचारतो, इथे काय म्हणायचे. आतापर्यंत चार नावं मिळाली आहेत.