ठाण्याचा ताम्रपट आणि तेरचा लामतुरे संग्रह

इ. स. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणीत असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा (इ. स. १०१७) ताम्रपट हाती आला. कोपरीहून रूळ ओलांडून जुन्या ठाण्यात गेले की हा किल्ला लागतो. पोर्तुगिजांनी तो १७३० मध्ये बांधावयास घेतला. पुढे मराठ्यांचा, मग इंग्रजांचा होऊन तो अखेर तुरुंग झाला. ताम्रपटाचे भाषांतर १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात आले. दानाच्या तपशिलापेक्षा त्यातील एका बिरुदाने विद्वानांना अधिक काळ गुंतवून ठेविले. कोकणातले हे राजे स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. हे तगर कोठले?

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर म्हटले असून तेथून भडोचच्या बंदरात कापड जात असल्याचा उल्लेख आहे. विल्फर्डने त्याच खंडात तगर म्हणजे देवगिरी असे ठरविले. भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, भांडारकरांना धारूर. शंभराहून अधिक वर्षे हे नगर नकाशावर असे फिरत राहिले. १९०१ मध्ये फ्लीट याने धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हेच तगर असे प्रतिपादन केले आणि ते आता सर्वमान्य आहे.

फ्लीटच्या बाजूने अंतर व दिशा यांबरोबर भाषाही उभी राहते. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोपून ‘य’ येतो व पुढे ‘अय’चा ‘ए’ होतो: तगर, तयर, तेर. ‘नगर’ शब्द याच वाटेने अमळनेर, पिंपळनेर यांतील ‘नेर’ झाला आहे. तथापि ध्वनिनियम हा एकटा पुरेसा साक्षीदार नव्हे. त्याच ‘नगर’चे जुन्नरमध्ये ‘नर’ झाले. आणि भोगवर्धनचे भोकरदन होताना ‘ग’ लोपलाच नाही, उलट त्याचा ‘क’ झाला. तेथे भोकर या झाडाच्या नावाचा पगडा पडला असावा. गावांची नावे माणसांच्या तोंडी राहतात, व्याकरणाच्या नव्हे. म्हणून नावाच्या पुराव्याला मातीचा आधार लागतो.

तो आधार तेरमध्ये एका घरात गोळा होत होता. जुन्या वसाहतीच्या मातीला मराठीत पांढर म्हणतात. तेरच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या तेथील व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे जमविल्या. सातवाहन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके असा हा ऐवज आहे. ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट याने १९६० मध्ये ‘तेर’ या पुस्तिकेत त्याची दखल घेतली. पुढे हा संग्रह शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे जाऊन लामतुरे यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय झाले. एवढी मोठी ठेव विखुरली नाही, याचे श्रेय विद्यापीठांना नाही.

परंतु या संग्रहाची अडचणही त्याच्या जन्मातच आहे. वेचलेल्या वस्तूला गाव असते, थर नसतो. कोणती मूर्ती कोणत्या जमिनीवर, कोणत्या भांड्यांसोबत पडली होती हे एकदा हरपले की परत मिळत नाही. चापेकरांनी १९५८ मध्ये तेर येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यानंतरही तेथे खणती झाल्या. त्या थरांशी ताडून पाहिल्यावरच लामतुरे संग्रहातील पुष्कळ वस्तूंना काळ सांगता येतो.

सर्वांत प्रसिद्ध वस्तू हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिचा काळ ठरविताना आधार घेतला जातो तो फार दूरच्या एका घराचा. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये एका घरात अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते नगर गाडले गेल्यामुळे मूर्ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद आहे. तेरची मूर्ती तिच्या आसपासच्या काळात बसविणे योग्य दिसते, पण ते शैलीवरून काढलेले अनुमान आहे, थरावरून नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांच्या टिपणांत सहसा गळतो.

पाँपेईची मूर्ती तेरच्याच कारागिराची, असेही हौसेने सांगितले जाते. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी. दख्खनचे लेख ब्राह्मीत. म्हणजे अक्षर एका दिशेला बोट दाखविते आणि घडण दुसऱ्या. भोकरदनला १९७३ च्या उत्खननात त्याच जातीची हस्तिदंती मूर्ती निघाल्याने दख्खनचा पक्ष बळावला हे खरे. तरी सुट्या भागांच्या जोडणीसाठी कोरलेली खूण ही कारागिराच्या सवयीची असते, ती सहजासहजी उसनी घेतली जात नाही. कारागीरच वायव्येकडून आला असेल, किंवा मूर्ती तिकडच्या कारखान्यातून जोडून पुढे गेली असेल. तेरच्या मूर्तीवर घडणीखेरीज साक्ष नाही. तिच्या आसपासची माती कोणी टिपून ठेविली असती तर हा वाद निदान अर्धा तरी मिटला असता.