कुपीतला जंतू, लोणारचं पाणी आणि आपलं पोट

शीळफाट्याच्या कुठल्याही केमिस्टकडे जा आणि "पोट बिघडलंय, काहीतरी द्या" म्हणा. बहुतेक वेळा पाच मिलीच्या प्लास्टिकच्या कुप्यांची एक पट्टी हातात पडते. आत किंचित गढूळ पाणी, चव जवळजवळ नाहीच. त्या पाच मिलीत २०० कोटी जिवाणू असतात, आणि तेही झोपलेले. दुकानदार ही पट्टी फ्रिजमधून काढत नाही, साध्या फळीवरून काढतो. शेजारच्या दुकानात मिळणारी ती छोटी गोड दुधाची जपानी बाटली मात्र फ्रिजमध्येच असते. दोन्हीला लोक म्हणतात प्रोबायोटिक.

एक बाहेर आणि एक फ्रिजमध्ये, असं का? हे शोधण्यात माझा अख्खा विकांत गेला. शोध ओडेसा, पॅरिस, जपान, इटली असा हिंडून शेवटी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला पोचला. एवढं फिरणं झाल्यावर लेख पाडणं आलंच.

आधी उकाड्याचं बोलू. कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा आणि महापेकडून चढून येणारा, हे तिन्ही जिथे एकमेकांच्या अंगावर येतात तो आपला फाटा. मे महिन्यात दुपारी इथे तासभर अडकलेल्या टेंपोत माल ठेवला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दह्या-दुधातले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू नाजूक असतात, गरमीत पटापट मरतात. म्हणून ती बाटली कारखान्यापासून दुकानापर्यंत १० अंशांच्या खाली ठेवावी लागते. बॅसिलस जातीचे जिवाणू जरा वस्ताद. परिस्थिती वाईट झाली की ते स्वतःभोवती जाड कवच बांधतात, आतलं पाणी कमी करतात, डीएनए घट्ट बांधून ठेवतात आणि सगळे व्यवहार बंद करतात. आपल्या लॅपटॉपचा हायबरनेट मोड म्हणा. याला स्पोर म्हणतात. त्याला उकाडा सोसतो, जठरातलं आम्ल सोसतं, आणि आतड्यात पोचला की तो जागा होतो. तेव्हा आपल्या पोटात कुठला जंतू जाणार हे डॉक्टरच्या आधी वाहतुकीने आणि विजेने ठरवलं आहे, असं माझं मत.

पण मुळात जंतू विकत घेऊन गिळायचा ही कल्पना कुणाची?

ती इल्या मेचनिकॉव्हची. जन्म १८४५, आधी ओडेसात प्राध्यापक, नंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांना १९०८ साली पॉल एर्लिशबरोबर नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाबद्दल. (जालावर "दह्यासाठी नोबेल" असं सर्रास लिहिलेलं सापडतं, ते चूक.) म्हातारपणाबद्दल त्यांची वेगळीच थिअरी होती. मोठ्या आतड्यात कुजवणारे जिवाणू राहतात, त्यांचं विष अंगात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात आणि खूप जगतात असं त्यांनी ऐकलं होतं. त्या दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये ओळखला होता. मेचनिकॉव्ह स्वतः आंबट दूध घेऊ लागले आणि युरोपभर त्याची फॅशन आली. ते ७१व्या वर्षी, १९१६ साली गेले. पुढच्या संशोधकांना कळलं की तो बल्गेरियन जिवाणू आपल्या आतड्यात मुक्कामच करत नाही, येतो आणि जातो.

या मेचनिकॉव्हचा ओडेसातला एक विद्यार्थी आपल्या ओळखीचा आहे. वाल्देमार हाफकिन! मुंबईत प्लेग आल्यावर लस बनवून १० जानेवारी १८९७ ला ज्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली, तेच. परळच्या इन्स्टिट्यूटला त्यांचं नाव १९२५ साली मिळालं. गुरूने दही निवडलं, शिष्याने लस. आपल्या शहराच्या वाट्याला शिष्य आला हे बरंच झालं म्हणायचं.

इथे कुणीतरी म्हणणारच की आपल्याकडे ताक आधीपासून होतं. होतंच. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणी या दोन्हींच्या चिकित्सेत ताकाला मोठा मान आहे, आणि आजीच्या हातचं ताक मलाही कुठल्याही कॅप्सूलपेक्षा प्रिय आहे. पण विरजणात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत, कालचेच आज आहेत का, हे कुणालाच माहीत नसतं. ताक हे जेवण आहे. डोस म्हणून त्याचा हिशोब मांडता येत नाही.

मेचनिकॉव्हनंतर जे जिवाणू औषध म्हणून पुढे आले त्यांच्या जन्मकथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मजा आली. जर्मनीत आल्फ्रेड निसल यांनी १९१७ मध्ये एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायची एक स्ट्रेन वेगळी केली. पहिलं महायुद्ध चालू होतं, आजूबाजूचे सैनिक हगवणीने आडवे झाले होते आणि या पठ्ठ्याला काही झालं नव्हतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार १९२०च्या दशकात इंडोचायनात होते. तिथे पटकीची साथ होती, आणि स्थानिक लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते. त्यातून त्यांना एक यीस्ट मिळालं, सॅकरोमायसिस बुलार्डी, जे आज आपल्याकडे पुड्यांमध्ये मिळतं. क्योटोत मिनोरू शिरोता यांनी आतड्याच्या संसर्गांना आळा घालायचा म्हणून १९३० मध्ये आपली स्ट्रेन वाढवली आणि १९३५ पासून ती बाटलीतून विकली जाऊ लागली.

युद्ध, पटकी, हगवण! हे सगळे जंतू जुलाबाच्या भीतीतून जन्मलेत, म्हणजे चार दिवसांच्या आजारातून. भारतातले मोठे प्रयोगही त्याच वळणाचे. कोलकात्याच्या वस्त्यांत ३,७५८ लहान मुलांना शिरोतांची स्ट्रेन किंवा नुसतं पेय १२ आठवडे दिलं, त्यात जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं (२०११ साली प्रसिद्ध). ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि एक साखर आठवडाभर देऊन पाहिली, त्यांच्यात सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं (२०१७). हा दुसरा आकडा मला फार मोठा वाटतो. पण आज महिनोन् महिने हे विकत घेणारं गिऱ्हाईक कोण? वर्षानुवर्षं पोटाने त्रासलेला, जुनाट आजाराचा माणूस. त्याच्यासाठी हे बनलंच नव्हतं.

आता आपल्या कुपीकडे वळू. ही इटलीत १९५८ पासून विकली जाते. तिच्यात एकाच मूळ जिवाणूपासून तयार केलेल्या चार स्ट्रेन्स आहेत. त्या वेगवेगळ्या अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत, म्हणून डॉक्टर अँटिबायोटिकबरोबर ही लिहून देतात. कित्येक वर्षं तिच्यातल्या जिवाणूला बॅसिलस सबटिलिस समजत होते. २००१ मध्ये नीट तपासणी झाली तेव्हा निघाला बॅसिलस क्लॉसी. (या जातीला हे नाव १९९५ मध्ये मिळालं, डीटर क्लाउस या जर्मन शास्त्रज्ञावरून.) २०२० मध्ये त्याला उचलून अल्कलीहॅलोबॅसिलस नावाच्या नव्या गटात टाकलं. आणि २०२१ मध्ये पुन्हा बारसं झालं, ते पुण्यात.

झालं असं की पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समधले संशोधक लोणार सरोवरातल्या एका नव्या जिवाणूवर काम करत होते. लोणार म्हणजे बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी. (जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं तेच.) या नव्या पाहुण्याला कुठल्या कुटुंबात बसवायचं म्हणून त्यांनी नातेवाइकांचे जीनोम एकमेकांशी ताडून पाहिले. तेव्हा दिसलं की अल्कलीहॅलोबॅसिलस हे एक कुटुंब नाहीच, नुसती धर्मशाळा आहे. त्यांनी ते फोडून सात नवे गट केले. त्यातल्या एकाला नाव दिलं शौचेला, पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ. आपला क्लॉसी त्या गटाचा म्होरक्या, म्हणून त्याचं नाव आता शौचेला क्लॉसी. शौचे यांनी भारतीयांच्या पोटातल्या जिवाणूंवर बरंच काम केलंय, त्यामुळे हा मान अगदी योग्य जागी गेला. नावाचा बाकीचा योगायोग मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मला हे वाचून इतका आनंद झाला की सोमवारी हापिसात चार जणांना ऐकवलं. एकाने विचारलं, "मग? कुपीत काय बदललं?" काही नाही. आपण व्हेरिएबलचं नाव बदलतो, कोड तोच राहतो. पण नावातला घोळ बाजाराला फार सोयीचा असतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं गोळ्यांवर लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस असं छापलं जायचं. लॅक्टोबॅसिलस स्पोर बनवतच नाहीत! तो खरा बॅसिलस कोॲग्युलन्स. नाव दह्याचं, जीव दुसऱ्याच घराण्यातला.

आणि नुसतं घराणं कळूनही भागत नाही. निसलचा तो औषधी जंतू ई. कोलाय. दूषित अन्नातून येऊन मूत्रपिंडं निकामी करू शकणारा ओ१५७ सुद्धा ई. कोलायच. फरक स्ट्रेनचा. आडनाव, नाव आणि त्यापुढे स्ट्रेनचा कोड, तो साधारण आधार नंबरसारखा. तो पाकिटावर नसेल तर आत कोण बसलंय ते आपल्याला कळलेलं नाही.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण होतं. माझा डोंबिवलीचा मावसभाऊ सहा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिसने त्रस्त आहे. मोठ्या आतड्याला सूज, मधूनच रक्त पडणं, लोकलमध्ये चढायची भीती. मेसालाझिन आणि ॲझाथायोप्रिन चालू. त्याने विचारलं, "दादा, गोळ्या बंद करून नुसतं प्रोबायोटिक घेऊ का? नॅचरल असतं ना ते." घरात एक महागाचा डबाही आला होता, १६ स्ट्रेन्सवाला.

या आजारात पुरावा अजिबात नाही असं नाही. निसलच्या स्ट्रेनची ३२७ रुग्णांवर वर्षभर मेसालाझिनशी तुलना झाली (२००४). आजार उलटण्याचं प्रमाण निसलकडे ३६.४ टक्के, मेसालाझिनकडे ३३.९. म्हणजे जवळपास बरोबरी, पण आजार शांत असतानाची. दुसरा प्रयोग भारतातलाच, २००९ सालचा. आठ स्ट्रेन्सचं व्हीएसएल थ्री नावाचं मिश्रण १४७ रुग्णांवर तपासलं. १२ आठवड्यांनी मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के लोकांचा आजार शांत झाला, बनावट पूड घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्के. पण डोस बघा: ३.६ लाख कोटी जिवाणू, दिवसातून दोनदा. जंतू वेगळे आहेत हे मान्य, पण नुसती संख्या गाठायची तर रोज ३,६०० कुप्या! पुढे त्याच मिश्रणाच्या मूळ शास्त्रज्ञाचं आणि विक्रेत्यांचं फाटलं. अमेरिकेत २०१६ नंतर त्याच नावाखाली वेगळं उत्पादन आलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१८ मध्ये ज्यूरीने खोट्या जाहिरातीबद्दल विक्रेत्यांच्या विरोधात कौल दिला. फाइलचं नाव तेच, चेकसम वेगळा.

अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स आणि आयबीएससाठी प्रोबायोटिक प्रयोगाच्या चौकटीतच द्यावं.

"फायदा नाही झाला तरी तोटा काय?" हा पुढचा प्रश्न. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेने गंभीर झालेल्या रुग्णांना सहा स्ट्रेन्सचं मिश्रण नळीने दिलं. त्या १५२ जणांपैकी २४ दगावले. ज्यांना ते दिलं नव्हतं त्या १४४ पैकी ९. हा निष्कर्ष २००८ साली लॅन्सेटमध्ये आला. आणि युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बजावलं की प्रतिकारशक्ती दबलेल्या किंवा अत्यवस्थ रुग्णांना बुलार्डी देऊ नये, कारण ते यीस्ट रक्तात शिरल्याच्या घटना घडल्या होत्या. ॲझाथायोप्रिन नेमकं प्रतिकारशक्तीच दाबतं. धडधाकट माणसाने जुलाबात घेतलेली पुडी आणि मावसभावाने रोज घेतलेली पुडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डब्यावर औषधाचा परवाना नव्हता, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर होता, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो खाद्यपदार्थ. कुठलाही आजार बरा करण्याचा दावा तो करू शकत नाही आणि डब्याच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. सोळा जातींची नावं होती, स्ट्रेनचा कोड एकाचाही नाही. मावसभाऊ तो पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी मेसालाझिन आणि ॲझाथायोप्रिन दोन्ही चालू ठेवलं, डबा बंद केला, आणि जेवणात घरचं ताक सोसत असेल तर घे म्हणाले.