जुना पत्ता आणि विम्याचा करार

पवनाकाठचें पुनावळे हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. दूरदूरच्या गांवांहून आलेलीं बिऱ्हाडें तेथें थाटलीं. बिऱ्हाडाबरोबर मोटारही आली. परंतु तिच्या विमापत्रावरील पत्ता पुष्कळदां मागल्या गांवींच राहतो, आणि मोटार जुनी विकत घेतलेली असेल तर कधीं कधीं मालकाचें नांवदेखील! अशा मोटारीस अपघात झाला, तर कंपनीस भरपाई नाकारतां येईल काय? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर अडीचशें वर्षांमागील एका खटल्यापासून शोधावें लागतें.

सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर कार्टर यानें, किल्ला युरोपीय शत्रूच्या हातीं पडल्यास भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्यें उतरविला. १७६० सालीं फ्रेंचांनीं तो किल्ला घेतला. जोखीम पत्करणाऱ्याची तक्रार अशी, कीं किल्ल्याची दुर्बलता गव्हर्नरानें लपविली. १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं निवाडा दिला तो कार्टरच्या बाजूनें. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. जोखमीवर परिणाम करणारी आणि केवळ स्वतःस ठाऊक असलेली गोष्ट विमेदारानें सांगितलीच पाहिजे. परंतु जी गोष्ट समोरच्यास ठाऊक होती, किंवा ठाऊक असावयास हवी होती, तिचें निमित्त करून त्यास अंग काढून घेतां येत नाहीं. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचेंही तत्त्व जवळजवळ हेंच: ज्या चुकीच्या निवेदनामुळें दुसऱ्याची संमति मिळालेली नाहीं, तेवढ्यावरून करार मोडतां येत नाहीं.

या कसोटीवर प्रथम पत्ता घासून पाहूं. मोटारविम्याच्या जुन्या अखिल भारतीय दरपत्रकांत विभाग ठरे तो नोंदणीच्या कार्यालयावरून, मालक राहतो त्या गल्लीवरून नव्हे. तेव्हां केवळ पत्ता बदलल्यानें जोखीम वाढली, असें म्हणणें कठीण. फार तर चौकशी लांबते व पैसे मिळण्यास विलंब होतो. खरी हानि निराळीच आहे. मुदत संपल्याची सूचना जुन्या घरीं जाते, विमा खंडित होतो, आणि त्या काळांतील अपघाताची भरपाई कोणीच देत नाहीं. ९० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास, दावा न केल्याबद्दल मिळणारी सूटही जाते.

नांवाचें मात्र तसें नाहीं. १९३९ च्या मोटार कायद्यानें त्रयस्थाच्या रक्षणासाठीं विमा सक्तीचा केला. ती सक्ति १९४६ पासून अमलांत आली. पुढें १९८८ च्या कायद्यानें ठरविलें, कीं मोटारीची मालकी बदलतांच विमापत्रही नव्या मालकाकडे गेलें असें मानावें, व त्यानें १४ दिवसांत कंपनीकडे नांवाचा बदल मागावा. यावरून अनेकांचा समज झाला, कीं आपली मोटारही सुरक्षित झाली. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कंप्लीट इन्शुलेशन्सच्या खटल्यांत हा समज दूर केला. तें आपोआप होणारें हस्तांतर त्रयस्थापुरतेंच आहे. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा करार स्वतंत्र असून त्यास कंपनीची संमति लागते. म्हणजे जखमी वाटसरूस भरपाई मिळेल, परंतु चेपलेल्या मोटारीचा खर्च नव्या मालकाच्याच पदरीं पडेल. खाजगी म्हणून नोंदविलेली मोटार भाड्यानें फिरविली, किंवा मागील वर्षींचा दावा लपवून सूट घेतली, तरी गत अशीच. कारण तेथें जोखीम किंवा तिची किंमतच बदललेली असते.

नवें घर घेतांच आपण दारावर नांवाची पाटी लावतों. त्याच आठवड्यांत विमा कंपनीस चार ओळी लिहून विमापत्रावर बदलाची नोंद करून घ्यावी; मोटार नोंदणीच्या कार्यालयासही ३० दिवसांत कळवावें, असा कायदाच आहे. आणि निव्वळ जुन्या पत्त्यावर बोट ठेवून कोणी भरपाई नाकारली, तर या बदलानें जोखीम कशी वाढली, हें लेखी विचारावें. उत्तर समाधानकारक न मिळाल्यास पुण्यांत विमा लोकपालाचें कार्यालय आहे. विश्वासाचा करार दोन्ही पक्षांस सारखाच बांधतो.