इटलीच्या सहलीत एक दिवस सेनिओसाठी

येत्या जूनमध्ये सहा दिवसांसाठी उत्तर इटलीला जायचं घाटतं आहे. मी, सौ., म्युनिकला राहणारी लेक, जावई आणि नववीत शिकणारी नात, अशी आमची पाच जणांची फौज. लेकीचं घर म्युनिकला असल्यामुळे एक मोठी सोय झाली. तिथून सकाळी आगगाडीत बसायचं, ब्रेनरच्या खिंडीतून आल्प्स ओलांडायचे आणि दुपारी थेट व्हेरोना. पुढे व्हेनिस, बोलोन्या, मिलान आणि शेवटी कोमोचं सरोवर. जावयांनी संगणकावर रंगीत तक्ता केला आहे. कोणती गाडी कधी, कुठे मुक्काम, कुठे रांग लावावी लागेल, सगळं त्यात आहे. मिलानला लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' पाहायचं तर तिकीट बरंच आधी काढावं लागतं आणि आत फक्त पंधरा मिनिटं उभं राहू देतात. व्हेनिसला २०२४ पासून, मुक्काम न करता दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. हे सारं त्यांनी शोधून काढलं. मला कौतुक आहे.

त्या तक्त्यात मी एकच ओळ वाढवायला सांगितली: 'फोर्ली आणि सेनिओ नदी, एक दिवस.' जावयांनी नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तिथं बघण्यासारखं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. सहलीच्या पुस्तकांत सेनिओचं नाव सहसा नसतं. आपेनाइन डोंगरात उगम पावून रेनो नदीला मिळणारी ही साधारण नव्वद किलोमीटरची नदी. खालच्या सपाटीवर आल्यावर तिचं पात्र इतकं अरुंद होतं की आपल्याकडे तिला कुणी नदी म्हणणार नाही, ओढाच म्हणतील. जिथली गोष्ट मला सांगायची आहे तिथे पात्र अवघं पंधरा फूट रुंद आणि पाणी चार-पाच फूट खोल. पण या ओढ्याच्या दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे, भिंतीसारखे चढलेले मातीचे बांध आहेत. डोंगरातून येणाऱ्या नद्या गाळ आणतात, तळ वर येतो, मग पूर शेतात घुसू नये म्हणून माणसं बांध उंच करत जातात. तरीही नदी कधी कधी ऐकत नाही. मे २०२३ च्या महापुरात हाच सेनिओ बांध ओलांडून गावांत शिरला होता.

पुरासाठी बांधलेल्या या भिंती १९४४-४५ च्या हिवाळ्यात तटबंदी झाल्या. दोस्त सैन्याची आठवी सेना डिसेंबर १९४४ च्या सुमारास सेनिओपर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. जवळजवळ चार महिने आघाडी हलली नाही. जर्मनांनी बांध आतून उंदरासारखे पोखरले, खंदक आणि मशीनगनची ठाणी केली, पाण्यालगतच्या उतारावर सुरुंग पेरले. आसपासच्या गावांतली माणसं तळघरांत दिवस काढत होती. अखेर ९ एप्रिल १९४५ रोजी हल्ला झाला. आधी आठशेहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमानं आली, मग तोफा. त्यात एक युक्ती होती, ती मला शिक्षक म्हणून फार आवडते. तोफा मधेच थांबत आणि विमानं नुसती झेपावून जात. शत्रूला वाटे, आता पायदळ आलं, की पुन्हा मारा सुरू. असं बरेचदा झाल्यावर, खरोखर पायदळ आलं तेव्हा जर्मन डोकी खालीच होती. निदान काही ठिकाणी तरी.

न्यूझीलंडच्या सैन्याबरोबर इथे पुढे होती ती आठवी हिंदी डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आपल्याकडे जिला 'जंगी पलटण' म्हणतात ती. त्या पलटणीत नामदेव जाधव नावाचा तेवीस वर्षांचा शिपाई होता. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. त्याचं काम 'रनर'चं. म्हणजे कंपनी कमांडरबरोबर राहायचं आणि निरोप पोचवायचे.

पुढचं सारं अधिकृत नोंदीत आहे, मी फक्त क्रमाने सांगतो. संध्याकाळची वेळ. पूर्वेकडचा बांध एका कंपनीने घ्यायचा आणि अवघ्या तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेकडचा. जाधवांची तुकडी पाण्यातून चालत पलीकडे निघाली आणि पाठीमागून गोळ्या आल्या. ओलांडून आलेल्या पूर्व बांधाच्या आतल्या उतारावर जर्मन ठाणी अजून जिवंत होती. कमांडर आणि दोन जण जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे मारले गेले. जाधवांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, तो उभा चढ चढून पलीकडे सुरक्षित पोचवलं. परत येऊन दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा आले ते मशीनगनचा बंदोबस्त करायला. पहिलं ठाणं टॉमीगनने गप्प केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी संपवली. बॉम्ब संपल्यावर बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी मागून आणले. मग बांधावर उघड्यावर उभं राहून, मराठ्यांची ललकारी देत, उरलेल्यांना नदी ओलांडायला हात करून बोलावलं. यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या शिपायालाही तो मिळाला.) जाधव वाचले आणि १९८४ पर्यंत जगले.

यशवंत घाडगे यांचं नशीब तसं नव्हतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे हे नाईक १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. मोंतोने नावाच्या गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली गेली. पण ते उंब्रियात, म्हणजे मध्य इटलीत. आमच्या वाटेत ते बसत नाही, आणि मी हट्टाला एक मर्यादा ठेवली आहे.

गंमत अशी की आम्हा मराठी शिकलेल्या मंडळींचा इटलीशी संबंध जुना, पण तो कागदावरचा. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीला घरच्यासारखी होती. सावरकरांनी मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं ते १९०७ साली, आणि सरकारने ते जप्त केलं. मी वर्गात हे रंगवून शिकवत असे. इटलीचा चिखल प्रत्यक्ष तुडवलेली मराठी माणसं मात्र निमज-पळसगावची होती, आणि क्रमिक पुस्तकात त्यांना एक ओळसुद्धा नव्हती. खटाव तालुक्यात ज्या गावी मी नोकरी केली तिथे पंधरा ऑगस्टला एक म्हातारे पेन्शनर छातीला पदकं लावून झेंडावंदनाला येत. त्यांना विचारलं तर लढाईचं काही सांगत नसत. एवढंच म्हणत, "मास्तर, तिथं बी द्राक्षाचं मांडव हायती, आन् तिथल्या बी बाया रानात वाकून राबत्यात."

सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक इटलीत लढले, त्यातले साडेपाच हजारांहून अधिक परतले नाहीत. फोर्लीला हिंदी सैन्याची दफनभूमी आहे, तिथे पाचशेच्या आसपास कबरी आहेत. जवळच दहनस्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा सातशेहून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. आणि योगायोग पाहा, या फोर्लीपासून जवळच प्रेदाप्पिओला १८८३ साली मुसोलिनीचा जन्म झाला. सत्तेवर आल्यावर त्याने फोर्लीत भव्य इमारती उठवल्या. त्याच्या गावच्या वेशीवर आपल्या पोरांची नावं दगडात कोरलेली आहेत!

जावयांना मी हेही दाखवलं की त्यांचा सगळा तक्ता नकळत त्याच तीन आठवड्यांतून फिरतो. ९ एप्रिलला सेनिओ ओलांडला. २१ एप्रिलला बोलोन्या मुक्त झालं, आत पहिले शिरले ते पोलिश सैनिक. २५ एप्रिलला मिलानमध्ये उठाव झाला. त्याच सुमारास व्हेरोनाहून माघार घेताना जर्मनांनी आदिजे नदीवरचा रोमन काळातला पोंते पिएत्रा हा पूल उडवला. आज आपण फोटो काढतो तो पूल युद्धानंतर नदीतून दगड वेचून पुन्हा उभा केलेला आहे. २८ तारखेला मुसोलिनीला गोळ्या घातल्या त्या कोमो सरोवराच्या काठावरच्या एका वाडीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत मिलानच्या चौकात उलटं टांगलं. २९ लाच न्यूझीलंडचे सैनिक व्हेनिसमध्ये पोचले. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती लागू झाली. लिओनार्दोचं ते चित्रसुद्धा आज दिसतं याचं कारण, ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बफेकीत भोजनगृहाचा बराच भाग कोसळला, पण चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांआड वाचली. पादुआला मांतेन्याची चित्रं मार्च १९४४ मध्ये दोस्तांच्याच बॉम्बखाली धुळीला मिळाली. सुंदर म्हणून जे पाहायला जायचं, त्यात वाचलेलं किती आणि पुन्हा रचलेलं किती, हे ठाऊक असलेलं बरं. जावई म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंत तर तक्ता तारखांप्रमाणेच लावला असता."

अवघड प्रश्न आला तो नातीकडून. ती जर्मनीत वाढते आहे. तिथल्या शाळेत या युद्धाबद्दल फार गांभीर्याने आणि न लपवता शिकवतात. तिने विचारलं, "आबा, पण हे लोक इंग्रजांसाठी का लढले? तुम्हीच तर सांगता, तेव्हा आपण इंग्रजांना 'चले जाव' म्हणत होतो."

खरं आहे. जेव्हा सातारा जिल्ह्यातली पोरं इटलीत होती, तेव्हाच त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं, १९४३ ते ४६. एकाच गावात एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, हे अशक्य नव्हतं. पलटणीतल्यांना 'भाडोत्री' म्हणून मोकळं होणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. तसंच, ते लोकशाही वाचवायला स्वेच्छेने गेले असं आता समारंभात बोलतात तेही पटत नाही. कोरडवाहू रान, दुष्काळ, घरात पाच तोंडं आणि दरमहा मनिऑर्डर, हे बहुतेकांचं कारण होतं. घराण्यात पलटणीची चाल असणं हे दुसरं. हिटलर-मुसोलिनी कोण हे कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. पण जाधव दुसऱ्या जखमीसाठी त्या पाण्यात परत उतरले तेव्हा इंग्लंडचा राजा त्यांच्या मनात असेल असं मला वाटत नाही. आणि त्या बांधापलीकडच्या गावांतली माणसं तळघरातून बाहेर आली, ती या पोरांमुळेही आली. ही दोन्ही वाक्यं एकत्र कशी धरायची, ते मी नातीला समजावू शकलो की नाही, कळत नाही. ती म्हणाली, "पण मग आपण त्यांना कोणाच्या बाजूचे म्हणायचं?" मी म्हटलं, तिथे जाऊन बघू.

बोलोन्याच्या मुख्य चौकात, पालिकेच्या भिंतीवर, फॅसिस्टांविरुद्ध लढताना मेलेल्या पार्टिझनांचे दोन हजारांवर छोटे फोटो लावलेले आहेत. नावासकट, चेहऱ्यासकट. ते तिला आधी दाखवायचं असं ठरवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल गाडीने फोर्ली. तासाभराच्या आतला प्रवास, इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधलेल्या रोमन रस्त्याच्या कडेकडेने. दफनभूमी आणि दहनस्मारक गावाबाहेर आहे, तिथे टॅक्सी करायची. मग अल्फोन्सीने गावी सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे ते (उघडं असण्याचे दिवस आधी पाहून), आणि तिथून बांधावर. सौ.चे गुडघे तो चढ चढू देतील का ही शंका आहे. ती म्हणते, खाली सावलीत बसेन, डबा मी सांभाळते. जूनमध्ये त्या सपाटीवर ऊन कडक आणि हवा दमट असते, म्हणून दुपारी एकच्या आत उरकायचं.

नातीने मात्र काम सुरू केलं आहे. युद्धात मेलेल्यांच्या याद्या आता संगणकावर मिळतात, त्यातून ती मराठा पलटणीची नावं उतरवून घेते आणि मराठीत लिहून काढते. तिथे गेल्यावर दगडावरच्या नावांशी ताडून पाहणार आहे. अडचण अशी की ती नावं कुण्या साहेबाच्या कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. खुद्द नामदेव जाधवांचं आडनाव सरकारी गॅझेटात 'जाधाओ' असं छापलं आहे. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तिचा फोन येतो. ती एकेक अक्षर वाचून दाखवते आणि विचारते, आबा, हे आडनाव आपल्याकडे नीट कसं म्हणतात?